मुंबई कुणी बांधली? गिरणगावाला विचारा!



१९५५ साली राज्य पुनर्रचनेचा गलका उठला तेव्हा बड्या पेढ्यांवरून एक सवाल आमच्या तोंडावर फेकला गेला. मुंबई आम्ही पैसा ओतून उभी केली, ती महाराष्ट्राला का द्यावी? हा सवाल अजून मेलेला नाही. आजही कुणी तरी शहाणा उठतो आणि सांगतो, मुंबई कुणाचीच नाही, ज्याच्या खिशात दाम त्याची! या शहाण्यांना आमचं एकच सांगणं आहे. शेटजी, चोपड्या मिटा आणि जरा आमच्या वस्त्यांतून चालत या.

पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली आणि १८५६ ला ती चालू झाली. भांडवल त्यांचं, मान्य! खोटं कशाला बोला? पण भांडवल काही साच्यावर उभं राहत नाही. साच्यावर उभा राहिला तो रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा माणूस. कोकणात जमीन खोताची, घाटावर कर्ज सावकाराचं. पोट भरेना म्हणून तो मुंबईला आला. आला तो राहिला कुठं? शेटजींच्या बंगल्यात नव्हे.

गावागावांनी इथं गावकीच्या खोल्या घेतल्या. एका गाळ्यात वीस-वीस, तीस-तीस माणूस. एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची दुसरी, तिसऱ्याची रात्रपाळी. एक कामावर गेला की त्याच्याच जागेवर दुसऱ्यानं वळकटी पसरायची. उन्हाळ्यात निम्मे लोक गॅलरीत नाही तर फुटपाथवर. पण त्याच खोलीत महिन्याची वर्गणी निघायची. आजारी पडला त्याला गावकीनं सांभाळलं, मेला त्याला गावकीनं खांदा दिला. गावच्या देवळाचा कळस आणि शाळेची भिंत याच वर्गणीतून उठली. सरकार तिथं पोचलं त्याच्या कितीतरी आधी!

आणि जेवण? ते खाणावळवाल्या मावशीकडं. तिचा नवरा गिरणीत, नाही तर गिरणीनं खाल्लेला. संप झाला की मावशी उधारीवर जेवू घालायची, वेळ पडली तर अंगावरचे डाग गहाण टाकून. संपांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पुढाऱ्यांची नावं लिहिली, मावशीची उधारीची वही कुणी उघडली नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठं बँकेला समजलं की या बायांनाही पत असते.

लालबाग-परळात कोकणचा भरणा. गणपती, भजन, दामोदर हॉलात कामगारांची नाटकं. डिलाईल रोडला घाटावरचे जास्त, तिथं तालीम आणि लेझीम. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं सरकारनं १९२० नंतर बी. डी. डी.च्या २०७ चाळी बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत संसार झाले, बाळंतपणं झाली, युनियनच्या बैठकाही झाल्या. पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ पर्यंत राहिले. आणि १९४८ साली दार कमिशनपुढं ‘मुंबई महाराष्ट्राचीच’ हे त्यांनी मुद्देसूद मांडलं.

आमच्यातही खोट होती, ती लपवणार नाही. साचाखात्यात पगार बरा. पण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे म्हणून आमच्याच दलित भावांना त्या खात्यात शिरू दिलं जात नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल घातला तेव्हा आम्हाला खाली बघावं लागलं. चाळींतसुद्धा जातीजातीच्या ओळी होत्याच.

आता म्हणे मुंबई सरमिसळ, म्हणून महाराष्ट्राची नाही! अहो, सरमिसळ आम्हाला काय शिकवता? मदनपुऱ्यात उत्तरेचे मोमीन विणकर, आमच्या शेजारी भय्ये, तेलुगू पद्मशाली. भोंगा झाला की सगळे एकाच फाटकातून आत. मुंबई तोडा ही हाकाटी त्यांच्या खोल्यांतून उठली नाही, ती बंगल्यांतून उठली. आमचं भांडण गुजराती बोलणाऱ्याशी नव्हतं आणि नाही. हे ज्याला कळलं नाही त्याला संयुक्त महाराष्ट्रही कळला नाही.

लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांची सजा झाली, गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. १९३० साली परदेशी कापडाच्या ट्रकखाली बाबू गेनू गेला, तोही गिरणीवालाच. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या. १९५६ च्या जानेवारीत गोळ्या थेट आमच्या गल्ल्यांत आल्या. शंभरावर हुतात्मे झाले तेव्हा १ मे १९६० उजाडला.

मग ज्यांनी मुंबई मिळवली त्यांचं काय केलंत? १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर एकेक भोंगा कायमचा गप झाला. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ चा नियम सांगत होता, एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियमाचे शब्द फिरवले आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सुप्रीम कोर्टानंही त्याला मान डोलावली. मालक टॉवर बांधून मोकळे! लोअर परळला आता ‘अप्पर वरळी’ म्हणून गिऱ्हाईक शोधतात. नावसुद्धा सोडलं नाही. आणि गिरणीवाल्याला घर मागितलं तर बोट दाखवतात शेलू-वांगणीकडं, कर्जतच्या वाटेवर. मुंबई महाराष्ट्राची झाली आणि मुंबई घेणारा मुंबईबाहेर, हा कुठला न्याय?

चाळी पाडायला निघालेत तिथं एक डाव ओळखा. गावकीची खोली कागदावर एकाच माणसाच्या नावावर असते, राहणारे तीस असोत की चाळीस. पुनर्विकासात तो एक मोजला जातो, गावकी मोजली जात नाही. म्हणून प्रत्येक चाळीतल्या खोल्या आपणच लिहून काढा. खोली कोणत्या गावाची, कितव्या मजल्यावर, कोणत्या सालापासून, पावती कुणाच्या नावाची. वर्गणीची जुनी वही सापडली तर रद्दीत घालू नका. पुढच्या सभेला येताना ती यादी बरोबर घेऊन या.