काळ्या पडद्याचा खर्च

इंद्रलोकमधल्या एका लॅबमध्ये मामूंच्या थुंकीचा नमुना दिला. रिपोर्ट निगेटिव्ह आला. दुसरीकडे पुन्हा तपासलं तर पॉझिटिव्ह. चूक उजेडाचीच होती असं मी म्हणणार नाही, पहिला नमुनाही खराब असू शकतो. पण पहिल्या ठिकाणी फ्लोरोसन्स सूक्ष्मदर्शक भर ट्यूबलाइटखाली होता, समोर रस्त्याकडची मोठी काच.

क्षयाचे जंतू ऑरामीनने रंगवून निळ्या उजेडात पाहिले की पिवळे-हिरवे चमकतात. ते दिसतात मागचा भाग काळा असतो म्हणून. बाहेरचा उजेड डोळ्यांत शिरला की तो काळेपणा जातो आणि मोजकेच जंतू असलेली पट्टी निसटू शकते. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने एलईडी सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली. त्याला पूर्ण डार्करूम लागत नाही, हे खरं. पण म्हणून तो काउंटरवर ठेवायचा?

इब्न अल-हैसमचं नाव आपण जलशांत अभिमानाने घेतो. (नाव घ्यायला पैसे पडत नाहीत.) हजार वर्षांपूर्वी त्याने अंधाऱ्या खोलीत, भोकातून येणारा उजेड तपासला. बाकीचा उजेड आधी अडवला, मग पाहिलं.

जाड काळं कापड, दाराखालच्या फटीला पट्टी, मॉनिटर दुसरीकडे वळवलेला, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच-दहा मिनिटं. एसी बसवणाऱ्या मालकाला हे जड जाऊ नये. मी पडद्याचं विचारलं तेव्हा काउंटरवरचा म्हणाला, "अंधार केला तर पेशंटला लॅब बंद आहे असं वाटतं."