अर्ध्या हळकुंडाच्या बाजूने

विद्यापीठात माहितीशास्त्र ‘मायनर’ म्हणून, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय म्हणून, घेणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे, असा निर्वाळा आमच्या मावळातल्या, लोणावळ्याच्या एका जाणत्या गृहस्थांनी नुकताच दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. संगणक शिकायचा तर पुरता शिका, पुरती पदवी घ्या आणि हिंजवडीतल्या संगणक कंपन्या गाठा. ते जमणार नसेल तर इतिहास, भूगोल, मराठी, जे घेतले असेल ते निमूटपणे करा. बी.ए.च्या पोरांनी डेटाबेसच्या गप्पा माराव्यात, हे त्यांना बघवत नाही. शिवाय प्रमाणपत्रांना बाजारात किंमत नाही, आणि आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता सगळे करून देते, मग शिकायचे कशाला? थोडक्यात, विषय इतका अवघड की थोडा शिकून उपयोग नाही, आणि इतका सोपा की शिकायचीच गरज नाही. ही दोन्ही विधाने एका दमात करायला छाती दणकट लागते. लोणावळ्याच्या हवेचा गुण असावा.

किरकोळ मुद्दे आधी उरकू. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका अशी सोय आहे; पण एका प्रमाणपत्रावर जन्म काढा, असे कोणीच सुचवलेले नाही. आणि यंत्र उत्तर देईल हो, पण ते उत्तर चुकले आहे हे ओळखणारा कोणीतरी घरात नको का?

आता ‘अर्धवट’ या आरोपाकडे. हे अर्धे मोजले कोणी? एका श्रेयांकाला वर्गातले १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३०. तीन वर्षांच्या पदवीत मायनरच्या वाट्याला साधारण २० श्रेयांक येतात. सगळी नुसती व्याख्याने धरली तरी ३०० तास झाले. गृहस्थ ज्या ज्या विषयांवर अधिकारवाणीने बोलतात त्यांपैकी कितींना त्यांनी ३०० तास दिले, हे विचारण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही.

पण तासांचा हिशेबही सोडा. खरी गोम अशी की माहितीशास्त्राला स्वतःची माहिती नसते. ती नेहमी दुसऱ्या कोणाची असते: तलाठ्याची, दवाखान्याची, वेधशाळेची, ग्रंथालयाची. म्हणून हा विषय दुसऱ्या विषयाच्या सोबतीनेच शहाणा होतो, आणि हे मावळात राहणाऱ्या माणसाला सांगावे लागावे याचेच नवल वाटते. इथे द्रुतगती मार्ग आला, बंगले आले, भाताच्या खाचराला कधी नव्हे तो भाव आला. त्याच काळात सातबारा संगणकात गेला. हाताने लिहिलेला आणि संगणकातला सातबारा जुळेनात, म्हणून २०१७ साली राज्यात गावोगाव चावडीवाचन करावे लागले. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. सही चोख झाली. पण सही वरच्या मजकुराला खरे करत नाही. लेखनातल्या चुका दुरुस्त करण्याचे जमीन महसूल संहितेचे १५५ वे कलम खातेदारांना तोंडपाठ झाले आहे, ते उगाच नव्हे.

या चुका होतात कशा? समजा, एका उताऱ्यावर नाव आहे बाळू धोंडिबा, दुसऱ्यावर बाळकृष्ण धोंडू, तिसऱ्यावर बाळासाहेब धोंडिबा. माणूस एक की तीन? संगणकाला विचाराल तर तीन. गावातल्या म्हातारीला विचाराल तर एक, आणि भावकीतले भांडण कुठून सुरू झाले तेही ती सांगेल. नोंदीची ओळख नावावर ठेवू नये, तिला स्वतंत्र क्रमांक द्यावा, हे संगणकवाल्याला ठाऊक. धोंडू आणि धोंडिबा एकच, हे गाववाल्याला ठाऊक. मोजमापांचेही तसेच: ४० गुंठ्यांचा एकर आणि १०० आरांचा हेक्टर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच, म्हणून तर एकाच्या जागी दुसरा पडला तरी चूक नजरेत येत नाही, आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, भलत्या रकान्यात गेला की बेरीज बसते पण जमीन बसत नाही. हे दोन्हींकडचे शहाणपण एका डोक्यात कोणत्या पदवीने येते? पुरत्या संगणकाच्या पदवीत पोटखराबा शिकवत नाहीत. पुरत्या इतिहासाच्या पदवीत तक्ता कसा जोडायचा ते शिकवत नाहीत. गृहस्थांच्या योजनेत ही दोन पुरती माणसे समोरासमोर बसतील आणि एकमेकांना अडाणी ठरवतील.

पावसाचेही तेच. लोणावळ्याच्या पावसाचे आकडे दर आषाढात फोनाफोनी फिरतात. पण आपल्याकडे पाऊस मोजतात सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, आणि आकडा लागतो दुसऱ्या तारखेला. भूगोलाच्या विद्यार्थिनीला हे माहीत असते. तिला तक्ते जोडता आले तर पवना धरणाच्या पातळीशी पाऊस ताडताना ती तारीख तपासून घेईल. हे न जाणणारा पुरता पदवीधर सुरेख रंगीत आलेख काढील, आणि तो एका दिवसाने चुकलेला असेल.

हा विरोध काही आजचा नाही. ऐंशीच्या दशकात बँकांत संगणक नको म्हणून घोषणा झाल्या. घोषणा देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढे मुलांना याच विषयाच्या प्रवेशासाठी रांगेत उभे केले. मग सरकारी नोकरीला संगणकाचे प्रमाणपत्र लागू लागले. मंडळी कुरकुरत वर्गात बसली, फाइल उघडायला शिकली, आणि फाइल उघडणे म्हणजेच संगणक, असा समज घेऊन घरी गेली. आमच्या गृहस्थांचा समज त्याच वर्गातला दिसतो.

मग आम्हाला हवे काय? १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेला हा कारखाना नुसता माल काढत नव्हता, काचेचे काम शिकवतही होता, आणि तिथे शिकलेले कारागीर ती विद्या बाहेर घेऊन गेले. एका पैशाने काय होणार, असे विचारणारे तेव्हाही असणारच. मायनरनेही असेच चालावे. इतिहासवाल्याने कार्ल्याच्या लेण्यांतल्या दानलेखांची सूची करावी. मराठीवाल्याने जुन्या फाँटात टंकलेला, शोधू म्हटले तर न सापडणारा मजकूर युनिकोडमध्ये आणावा. वाणिज्यवाल्याने सोसायटीच्या खतावण्या तपासाव्यात. प्रत्येक प्रकल्पाला शिक्षक दोन असावेत, एक संगणकाचा, एक मूळ विषयाचा; आणि परीक्षा त्या प्रकल्पाचीच व्हावी, पाठ केलेल्या व्याख्यांची नको.

एवढे झाले नाही, तर मायनर म्हणजे पुन्हा फाइल उघडण्याचा वर्ग होईल आणि गृहस्थांचे म्हणणे खरे ठरेल. ती वेळ महाविद्यालयांनी आमच्यावर आणू नये.