दवाखान्याच्या कॉम्प्युटरला कुलूप हवे, कर्मचाऱ्याला चार्जशीट नको

म्हैसूरच्या रेल्वे रुग्णालयात पूर्वी केसपेपर हरवला तर तो एका माणसाचा हरवे. आता उमीद कार्डाच्या नंबरावर कामगाराची आजारपणे, तपासण्या, औषधे कॉम्प्युटरमध्ये नोंदली जातात. पोस्टातील बंधूंच्या सी. जी. एच. एस. दवाखान्यांतही हीच पद्धत आहे. सोय मोठी आहे, पण कुलूप तुटले तर सर्वांचीच माहिती जाते.

दि. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये हे घडले. चोरट्यांनी पाच सर्व्हरवरील माहिती अडकवून टाकली. नोंदणी, रिपोर्ट, बिले यांचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. रांगेत ताटकळला तो गोरगरीब रुग्ण. माहिती परत मिळाली, ती केवळ एका बॅकअप सर्व्हरला धक्का लागला नव्हता म्हणून.

सरकारने संसदेत कारण सांगितले, ते नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नव्हते हे. रेल्वे कामगाराला याचा अर्थ लगेच कळेल. आपण मार्गाचे ब्लॉक सेक्शन पाडतो, ते एका जागची चूक पुढे सरकू नये म्हणूनच. नोंदणीची खिडकी, प्रयोगशाळा, औषधभांडार यांची जाळीही अशीच वेगळी हवीत. त्याखेरीज कॉम्प्युटरची दुरुस्ती वेळच्या वेळी व्हायला हवी. मे २०१७ मध्ये ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. विंडोजमधील ते भोक बुजवण्याची सोय दोन महिने आधीच मिळाली होती, पण अनेक ठिकाणी ती बसवलीच नव्हती.

आता आपला प्रश्न. एम्स प्रकरणात दोन ॲनॅलिस्ट निलंबित झाल्याचे वृत्तपत्रांत आले. आराखडा ठरवणार वरचे आणि कारवाई होणार खालच्यावर, ही रीत आपल्याला नवी नाही. जागा रिकाम्या, रांग दारापर्यंत. मग एकाच पासवर्डवर तिघे काम करतात. रजिस्टर टपालावर दुसऱ्याने सही केली तर जबाब कोणाला द्यावा लागे, हे पोस्टमन जाणतो. म्हणून आपला पासवर्ड कोणालाही, साहेबांनाही, देऊ नका.

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. संशयास्पद ईमेल उघडली हे सांगणाऱ्या कर्मचाऱ्यालाच शिक्षा होणार असेल, तर तो गप्प बसेल आणि ते सहा तास भीतीतच जातील.

म्हणून आमच्या मागण्या अशा: प्रत्येक कर्मचाऱ्याला ड्युटीच्या वेळेत प्रशिक्षण, स्वतंत्र लॉगिन आणि पुरेसे मनुष्यबळ, मुख्य जाळ्यापासून अलग ठेवलेला बॅकअप व तो चालतो की नाही याची नियमित चाचणी, आणि चूक स्वतःहून लगेच कळवणाऱ्यावर कारवाई नाही.

प्रत्येक शाखेने हा विषय पुढच्या पी. एन. एम. बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत घालावा. हॉस्पिटलची चोरी झाली तर जाते ती आपल्याच घरची अब्रू आणि आपल्याच म्हाताऱ्यांची औषधे.