तक्रार निकाली निघेपर्यंत सोयाबीन काढणीला

माजलगाव, गेवराई, वडवणी या पट्ट्यातून यंदाही तीच पत्रं आली आहेत. चॅनेलवर 'मराठवाड्यात मुसळधार' पाहिलं, पेरलं, उघडीप पडली, मोड जागेवरच करपले. आता दुबार पेरणीला बियाणं उधारीवर.

जुलै २०१७ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावकरांनी तर दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्धच तक्रार दिली होती. बियाणं आणि कीटकनाशक कंपन्यांशी संगनमत असल्याचा आरोपही केला. संताप खरा, पत्ता अर्धा चुकलेला. खात्याने त्या जूनमध्ये सांगितलेले सरासरीच्या ९८ टक्के हे अख्ख्या देशाचे, चारही महिन्यांचे होते. दिंद्रुड मंडळात मृग बरसेल की नाही, हे त्यात नव्हतंच. अशा आकड्याची पडद्यावर 'बळीराजासाठी खूशखबर' होते.

खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. बातमीत हे दोन शब्द गळतात आणि आष्टीपासून परळीपर्यंत बीड जिल्हा एकसारखा नारिंगी होतो. २०२५ मध्ये मान्सून २४ मेला केरळात, २६ मेला मुंबईत पोचला, पडद्यावर जल्लोष. मग २९ मेपासून जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल थांबली. पेरणीची घाई नको, हे कृषी विभागाचं सांगणं त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार?

बरं, दाद मागायची कुठे? केबल टीव्हीच्या कार्यक्रम संहितेत अर्धसत्य दाखवायला मनाई आहे. २०२१ च्या दुरुस्तीने तक्रारीची उतरंडही लावून दिली. आधी चॅनेलकडे जा, त्याला १५ दिवस. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत त्यांच्याच स्वयंनियमन संस्थेकडे अपील, तिला ६० दिवस. त्यावर पुन्हा केंद्राची समिती. बेरीज करा: जूनमध्ये पेरलेलं जेएस-३३५ सोयाबीन तोवर काढणीला येतं! नियम लिहिणाऱ्याने वाफसा कधी पाहिला नसावा. १५ दिवसांत तर पेरणीचा हंगामच सरतो. हवामानाच्या बातमीची दुरुस्ती २४ तासांत, त्याच वेळेला, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दाखवायची सक्ती का नको?

तालुक्याची कृषी कार्यालयंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो गावात पोचेपर्यंत पुढचा आलेला असतो. आणि आपले काही जाणते सभासद! पर्जन्यमापक बांधावर गंजतोय आणि हे चॅनेलची क्लिप दहा ग्रुपांवर ढकलतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण धरू नका, हे त्यांनाही सांगावं लागतं.

आता रडगाणं पुरे. चुकीची बातमी दिसली की चॅनेल, तारीख, वेळ टिपा. त्या दिवसाचा खात्याचा मूळ अंदाज आणि तुमच्या मंडळाची पर्जन्यनोंद जोडा. तक्रार लेखीच द्या, प्रत आमच्याकडे पाठवा. चॅनेलचं उत्तर आलं तर अंकात छापू. नाही आलं तर तक्रारीची तारीख आणि उलटलेले दिवस छापू, दर महिन्याला.