विश्लेषण : फुफ्फुसातील लहान गाठीवर शस्त्रक्रियेआधी खूण का करतात?

सीटी स्कॅनमध्ये दिसलेली ८-१० मिलिमीटरची गाठ दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करताना अनेकदा सापडत नाही. म्हणून तिच्यावर आधीच खूण करतात. वाशिम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावांतून उपचारांसाठी अकोला, नागपूर किंवा मुंबई गाठणाऱ्या रुग्णांसाठी ही खूण कुठे आणि कधी होते, हे महत्त्वाचे ठरते.

गाठ का सापडत नाही?

फुफ्फुसातील ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गोलसर गाठीला ‘नोड्यूल’ म्हणतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्या बाजूचे फुफ्फुस हवा काढून मिटवले जाते. त्यामुळे स्कॅनमध्ये दिसलेली जागा बदलते. छाती उघडल्यावर सर्जनला फुफ्फुस हाताने चाचपता येते; लहान छिद्रांतून ते जमत नाही. गाठ खोलवर किंवा मऊ, धूसर असेल तर अडचण वाढते.

खूण कशी करतात?

सीटी स्कॅनमध्ये पाहत छातीतून सुई घालून गाठीजवळ आकड्याची तार किंवा धातूची बारीक कॉइल ठेवतात. मिथिलीन ब्लूसारखा रंगही टोचला जातो. इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य वापरल्यास ते दिसण्यासाठी खास कॅमेरा लागतो. काही मोठ्या रुग्णालयांत संगणकाच्या मार्गदर्शनाने श्वासनलिकेतून दुर्बीण नेऊन खूण करतात.

महत्त्व आता का वाढले?

जपानमधील २०२२ च्या आणि अमेरिकेतील गटाच्या २०२३ च्या चाचण्यांनुसार, फुफ्फुसाच्या कडेला असलेल्या २ सेंटिमीटरपर्यंतच्या कर्करोगात निवडक रुग्णांचा पूर्ण खंड न काढता लहान भाग काढणेही तितकेच परिणामकारक आहे. कमी भाग काढायचा, तर गाठीची जागा अचूक हवी.

धोके कोणते?

सुईमुळे फुफ्फुसाभोवती हवा साचू शकते, रक्तस्राव होऊ शकतो. तार सरकते, रंग पसरतो. म्हणून तार किंवा रंगाची खूण केल्यावर शक्यतो काही तासांतच शस्त्रक्रिया करतात. अकोल्यात खूण करून नागपूरला जाणे त्यामुळे व्यवहार्य नाही. दोन्ही सोयी एकाच रुग्णालयात हव्यात.

रुग्णांनी काय करावे?

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. क्षयरोगाच्या जुन्या व्रणाचीही गाठ दिसते. म्हणून फक्त फिल्म आणि अहवाल नेऊ नये. स्कॅनची सीडी आणि जुने स्कॅनही सोबत न्यावेत. गाठ वाढते आहे की तशीच आहे, हे त्यातून कळते. कधी कधी शस्त्रक्रियेची गरजच नसल्याचेही स्पष्ट होते.