शुल्क माफ, बस बेभरवशाची

परभणी तालुक्यातले पेडगाव मनमाड मार्गावर आहे. गावाला रेल्वे स्थानक आहे, जिल्ह्याचे ठिकाणही जवळ. दहावीनंतर शिकायचे म्हटले तर इथल्या मुलीपुढे निदान वाट तरी आहे. जिंतूरच्या डोंगरपट्ट्यातल्या किंवा गंगाखेडकडच्या बालाघाटातल्या तांड्यावरच्या मुलीला आधी फाट्यापर्यंत चालावे लागते आणि मग एसटीची वाट पाहावी लागते. एकाच जिल्ह्यातल्या या दोन मुलींना सरकार मात्र एकाच योजनेच्या मापाने मोजते.

घोषणांची ददात नाही. मुलींचे बारावीपर्यंतचे शिक्षण राज्यात कधीच मोफत झाले. जुलै 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्कही पूर्ण माफ झाले. निर्णय चांगलाच आहे. पण त्याचा लाभ तिथवर पोहोचणाऱ्या मुलीलाच मिळणार. गळती होते ती त्याआधी, सातवी-आठवीनंतर, गावातली शाळा संपते तिथे. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो आणि नेमक्या त्याच वयात घरी 'स्थळ आलंय' सुरू होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) राज्यात 20 ते 24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण 48 टक्के होते. यामागे गरिबी आहे, ऊसतोडीचे स्थलांतर आहे, हुंड्याचा हिशेब आहे. पण बापाशी बोलायला बसा, थोड्याच वेळात बसचा विषय निघतो. शाळा पाचला सुटते, गाडी सहाला येते, कधी येतच नाही. जादा तास असला की पोरीने एकतर तो बुडवायचा, नाहीतर काळीपिवळीत कोंबून घेऊन अंधारात घरी यायचे. शनिवारी सकाळची शाळा लवकर सुटते. गाडी मात्र रोजच्याच वेळेला. असे चार-सहा महिने गेले की आईच म्हणते, आता पुरे.

यावर उपाय नव्याने शोधायचा नाही. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी खास निळ्या बस सुरू झाल्या. सायकलीही मिळाल्या, चढाच्या वाटेवर आणि पावसाळ्यातल्या चिखलात त्यांचा उपयोग किती, हे वाटप करणाऱ्यांनी एकदा त्या चालवून पाहावे. अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पासही आहे. फक्त पास असून गाडी नसेल तर तो कागदच. नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 एसटीचा संप चालला तेव्हा डोंगराळ भागातल्या किती मुलींची शाळा सुटली, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा होता.

ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक नेमलेला आहे. मांडव पडल्यावर त्याला जाब विचारता येतो. शाळेच्या वेळेला गाडी आली नाही तर जाब कुणाला विचारायचा? आगारप्रमुख मुख्याध्यापकांकडे बोट दाखवतो, मुख्याध्यापक आगाराकडे. कमी पटाच्या शाळा मिटवून समूह शाळा करण्याचा विचार 2023 मध्ये पुढे आला, तेव्हाही लहान गावांनी हाच प्रश्न विचारला होता: पोरगी तिथवर जाणार कशी?

जिथे रस्ताच नाही तिथे बस चालणार नाही, हे खरे. तिथे निवासी सोयच हवी. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये त्यासाठीच उभी राहिली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे मंजूर झाली. ती भाड्याच्या खोल्यांत न रखडता, भिंत, नळ आणि महिला अधीक्षकासह उभी राहिली पाहिजेत.

बाकी ठिकाणी काम साधे आहे. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी परभणी विभागाच्या एसटी अधिकाऱ्यांनी प्रत्येक माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांसोबत बसून शनिवारसह वेळापत्रक ठरवावे, आणि मुलींची फेरी रद्द झाली तर त्याची नोंद त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर जावी. त्याला नवा शासननिर्णय लागत नाही.