चायनीजवाल्याला शिव्या नकोत, नियमित तपासणी हवी

पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्या आणि आपल्या लेकरांच्या पोटाचा आहे. वेळ काढून वाचा.

गेल्या काही दिवसांपासून गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका साध्या चायनीज रेस्टॉरंटवरून वाद पेटलाय. एकाने लिहिलं, फॅमिलीला घेऊन गेलो, सूप गरम, नूडल्स मस्त, बिलही परवडलं. दुसऱ्याने लिहिलं, रात्री उशिरा फ्राईड राईसचं पार्सल आणलं आणि दोन्ही लेकरं पहाटेपर्यंत उलट्या करत होती. तिसरा म्हणाला, आधी चव होती, कारागीर बदलला अन् सगळं बिघडलं. चौथ्याने थेट निकालच दिला : "हे चायनीजवाले सगळे असेच. बंद करून टाका."

त्या हॉटेलचं नाव मी इथे लिहिणार नाही. माझ्या हातात ना त्याचा तपासणी अहवाल आहे, ना डॉक्टरचा कागद. पत्रकार म्हणून एवढं पथ्य पाळावंच लागतं. आणि नाव घेतलं की सगळी चर्चा त्या एका दुकानाभोवती फिरते आणि मूळ प्रश्न राहून जातो. मूळ प्रश्न असा की, एकाच हॉटेलात एकाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट अनुभव का येतो, आणि त्यातलं खरं-खोटं ठरवायचं कोणी?

पहिले तीन जण खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. तिघांचंही खरं असू शकतं. कसं ते सांगतो.

आधी हे जेवण कुठून आलं ते बघू. 'चायनीज' म्हणून आपण जे खातो, त्यातलं बरंचसं चीनमध्ये मिळणारच नाही. कोलकात्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चिनी कुटुंबांनी आपल्या जिभेला रुचेल असं आलं-लसूण-मिरची घालून ते घडवलं. मंचुरियनचा शोध तर आपल्या मुंबईतला मानतात. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. म्हणजे मोठ्या क्लबातून निघालेला पदार्थ पुढे गाडीवर आला, तिथून जिल्ह्याच्या गावात आणि आता तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत पोचलाय. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, कुठेही जा, संध्याकाळी लाल अक्षरातला बोर्ड आणि मोठ्या आचेचा भणभणाट असतोच.

बुलढाण्यात याला एक वेगळं महत्त्व आहे. क्लाससाठी रूम करून राहणारी पोरं-पोरी, पोलीस भरतीची तयारी करणारे, नुकतं लग्न झालेलं जोडपं, वाढदिवसाला लेकराचा हट्ट पुरवणारा बाप, या सगळ्यांना खुर्चीवर बसून खाता येईल अशी ही स्वस्त जागा आहे. हाफ प्लेट घेऊन दोघं तासभर बसले तरी कोणी उठवत नाही. आणि चालवणारे कोण? बऱ्याच ठिकाणी आपलीच पोरं. पुण्या-मुंबईत हॉटेलात काम करून हात बसवला आणि गावी येऊन चार टेबलं टाकली. सोयाबीन-कापसाच्या भावाने घर चालत नाही म्हणून निवडलेला धंदा आहे हा. म्हणून "बंद करा" म्हणणं मला पटत नाही. पण लेकरं आजारी पडली तर "चालतं हो" म्हणून सोडून देणंही पटत नाही.

आता अनुभव वेगळे का येतात ते बघू.

पहिली गोष्ट कारागिराची. अशा लहान हॉटेलात लेखी रेसिपी नसते. सगळं एका माणसाच्या हातात असतं. तो सुट्टीवर गेला किंवा दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले म्हणून निघून गेला, की बोर्ड तोच, मेनू कार्ड तेच, पण चव वेगळी. इथे नुकसान चवीचंच असतं, तब्येतीचं नाही. चवीची तक्रार आणि आजाराची तक्रार एकाच टोपलीत टाकू नका.

दुसरी गोष्ट भाताची, आणि ही गंभीर आहे. फ्राईड राईसला मोकळा, गार भात लागतो. म्हणून तो दुपारीच शिजवून ठेवतात. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सेरेयस नावाचा जिवाणू वाढतो. त्याची बीजं उकळत्या पाण्यातही टिकतात. तो जे विष तयार करतो ते पुन्हा परतल्यानेही जात नाही, कढई कितीही लाल असो. साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये चायनीज हॉटेलांतल्या फ्राईड राईसमुळेच हा प्रकार डॉक्टरांच्या पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आला. आता विचार करा. संध्याकाळी सातला खाणाऱ्याला ताजा भात मिळाला आणि रात्री अकराला पार्सल नेणाऱ्याला दुपारचा, आठ-नऊ तासांचा भात मिळाला, तर दोघांचे अनुभव सारखे कसे असतील? या प्रकरणात असंच झालं, असं मी म्हणत नाही. पण हे होऊ शकतं, आणि टाळता येतं. भात थोडा थोडा शिजवा, पसरून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. एवढंच. घरी सकाळी फोडणीचा भात करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

तिसरी गोष्ट तेलाची. मंचुरियनचे गोळे, क्रिस्पी, लॉलीपॉप, सगळं तळण. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक संयुगं वाढतात. १ जुलै २०१८ पासून देशात नियम आहे की तेलातली ही 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. मोजायचं हातात धरायचं यंत्र येतं. आपल्याकडे तेल काळं झालं, फेस आला, धूर निघाला तरी वरून नवीन ओतून काम भागवतात. हे फक्त चायनीजवाल्याचं नाही. भजी, कचोरी, समोसा, सगळ्यांनाच हा नियम आहे.

चौथी गोष्ट रंगाची. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यातल्या १०७ मध्ये कृत्रिम रंग सापडले. त्यानंतर तिथे मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग वापरायला बंदी आली. रोडामाइन-बी हा तर कापड रंगवायचा रंग, तो अन्नात कुठेही चालत नाही. मंचुरियन लालभडक दिसलंच पाहिजे ही सवय आपली, गिऱ्हाइकांची. फिकं दिसलं की आपणच म्हणतो, "भाऊ, मजा नाही आली."

आणि ज्याला आपण सगळ्यात जास्त घाबरतो ते अजिनोमोटो? हे मुळात एका जपानी कंपनीचं नाव. पदार्थ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. ग्लुटामेट टोमॅटोतही नैसर्गिकरीत्या असतं. १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक पत्र छापून आलं आणि 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' असा शब्दच रूढ झाला. नंतरच्या अभ्यासांत नेहमीच्या खाण्यातल्या प्रमाणाचा तसा ठोस संबंध सिद्ध झाला नाही. बारा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते देऊ नये, हे मात्र पाळा. सांगायचं एवढंच की आपण "अजिनोमोटो नका टाकू" असं बजावून सांगतो, पण भात कधी शिजवला आणि तेल कधी बदललं, हे विचारत नाही.

आता "चायनीजवाले सगळे असेच" म्हणणाऱ्यांसाठी. २० फेब्रुवारी २०२४ आठवा. आपल्याच लोणार तालुक्यातलं सोमठाणा. सप्ताह, एकादशी, भगर-आमटीचा प्रसाद. शेकडो लोकांना विषबाधा झाली. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरली नाही. लोकांना बाहेर जमिनीवर झोपवून, दोरीला सलाईनच्या बाटल्या बांधून उपचार करावे लागले. देशभर ते फोटो गेले. तिथे ना मंचुरियन होतं ना नूडल्स. विषबाधेला जात-धर्म-देश नसतो. कुठेही अन्न चुकीच्या पद्धतीने साठवलं, की ती होते.

मग करायचं काय? गोव्यात म्हापसा नगरपालिकेने २०२४ मध्ये गोबी मंचुरियनच्या स्टॉलवर बंदीच घातली. मला हा मार्ग सोपा वाटतो, योग्य नाही. बंदीने वाईट विकणारा जातो, तसा चांगला विकणाराही जातो. आणि वाईट विकणारा उद्या त्याच तेलात दुसरं काहीतरी तळतो.

कायदा काय म्हणतो ते बघा. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याच्या कलम ३२ मध्ये सुधारणा नोटिशीची सोय आहे. म्हणजे काय चुकलं ते सांगा, मुदत द्या, नाही सुधारला तर परवाना निलंबित करा, तरीही नाही ऐकलं तर रद्द करा. कायदाच सुधारायची संधी देतो. आपण ग्रुपवर थेट फाशी देतो.

गिऱ्हाइकालाही हक्क आहेत, पण ते कोणी सांगत नाही. कलम ४० नुसार तुम्ही स्वतः अन्नाचा नमुना तपासून घेऊ शकता. विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं आणि फी भरावी लागते. नमुना नियमबाह्य निघाला तर फी परत मिळते. अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. कलम ६५ मध्ये अन्नामुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे, मृत्यू झाल्यास किमान ५ लाख. २०२२ पासून बिलावर १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. खिशातलं शेवटचं हॉटेलचं बिल काढून बघा बरं, आहे का तो नंबर? बिलच मिळालं नव्हतं? मग तिथूनच सुरुवात करा.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो.

अन्न व औषध प्रशासनाला : जिल्ह्यात तेरा तालुके. दर महिन्याला किती हॉटेलं तपासली, किती नमुने घेतले, किती फेल झाले, सुधारणा नोटीस किती जणांना दिली, हे तालुकावार जाहीर करा. दिवाळीत खव्यावर धाड टाकून फोटो काढणं म्हणजे वर्षभराची तपासणी नव्हे. कर्मचारी कमी असतील तर तेही उघड सांगा, आम्ही लोकप्रतिनिधींना जाब विचारू.

नगर परिषदेला : गाड्यांकडून पैसे घेता, तर त्यांना स्वच्छ पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची सोय द्या. एका बादलीत चाळीस प्लेटा धुवायची वेळ माणसावर का येते, याचंही उत्तर द्या.

हॉटेलवाल्या भावांना : नोंदणी करा, नंबर दर्शनी लावा, भाताचं आणि तेलाचं वेळापत्रक भिंतीवर लिहा. केंद्राच्या अन्न प्राधिकरणाची स्वच्छता मानांकन योजना आहे, त्यात भाग घ्या. व्हिडिओ व्हायरल झाला की तुम्हाला वाचवायला कोणी येणार नाही. आधीच्या तपासणीचा चांगला अहवाल मात्र कामी येईल.

आणि आपल्याला : चव आवडली नाही तर मालकाला तोंडावर सांगा. आजारी पडलात तर डॉक्टरकडे जा, कागद जपून ठेवा, उरलेलं पार्सल फेकू नका, आणि प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ या टोल फ्री नंबरवर तक्रार करा. ग्रुपवर त्यानंतर लिहा. ज्या बापाची लेकरं रात्रभर उलट्या करत होती, त्याच्या रागाला मी नावं ठेवत नाही. पण त्याच्या रागातून एक तक्रार क्रमांक निघाला असता, तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी त्या किचनमध्ये जाऊन भाताचं पातेलं उघडून पाहिलं असतं. ग्रुपवरच्या दोनशे मेसेजने ते पातेलं उघडलं नाही. ज्या पोराने कर्ज काढून ते हॉटेल टाकलं, त्याची चूक आहे की नाही, तेही अजून कुणाला माहीत नाही.

माहितीच्या अधिकारात मी जिल्ह्यातल्या गेल्या एका वर्षाच्या तपासण्यांचे आकडे मागतोय. आले की इथेच टाकीन, जसेच्या तसे. तोपर्यंत कमेंटमध्ये हॉटेलचं नाव न घेता एवढंच लिहा : तुमच्या गावात शेवटची तपासणी झालेली तुम्ही कधी पाहिली?